काठीला पहिला हात

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिकोणा पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एका ठिकाणी आत वळलं की ते लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की उद्या कोणी तरी हे पान बैठकीत नेऊन वाचेल आणि म्हणेल, बघा, छापून आलंय. छापून आलेल्या आणि टीव्हीवर दिसलेल्या गोष्टीचं वजन किती असतं ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

ते माझ्या आईचं माहेर. लग्न होऊन ती तळेगावात आली त्याला आता पन्नास वर्षं होत आली, पण चैत्रातली गावची जत्रा तिने एकदाही चुकवली नाही. कारण जत्रेत देवाची काठी निघते आणि त्या काठीला पहिला हात तिच्या माहेरच्या घराचा असतो. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. काठी म्हणजे तीन-चार पुरुष उंचीचा कळक, जाड बांबू. त्याला लाल-हिरवं कापड गुंडाळतात, शेंड्याला मोरपिसांचा तुरा बांधतात. सकाळी ती खांद्यावरून गावात फिरते. मानाच्या घराच्या दारात थांबते, त्या घरच्या लेकी तिच्या बुडावर तांब्याभर पाणी घालतात, ओवाळतात. मग ती देवळासमोर उभी करतात. तिथे मधोमध खळगा असलेला एक दगड आहे. चारी बाजूंनी दोर धरून सगळं गाव काठी उचलतं, पण तिचं बुड त्या खळग्यात बसवायचं ते एकाच माणसाने. तो माणूस म्हणजे माझा मामा.

मामाने तळेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या आणि पाळ्या सांभाळून भात लावला. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. गावात एरवी त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. तो ना सोसायटीवर होता ना ग्रामपंचायतीत, ना कधी कोणाच्या स्टेजवर चढला. वर्षातला तो एक दिवस एवढंच त्याचं. त्यासाठी तो पाच दिवस उपास करायचा, अनवाणी चालायचा, घोंगडीवर झोपायचा. आई दर वर्षी तळेगावच्या बाजारातून त्याच्यासाठी मोरपंखी रंगाच्या फेट्याचं कापड न्यायची. तो फेटा बांधून मामाने काठीचं बुड हातात घेतलं की तो कुणाकडे बघत नसे. डोळे खळग्यावर, आजूबाजूला कितीही गुलाल उडो. काठी बसली की हात झटकायचा आणि मामीकडे चहा मागायचा.

आता माझं. पुणे आणि घाटमाथ्याच्या भागासाठी सरकारची नवी प्रादेशिक वाहिनी सुरू होणार होती आणि मी तिथे कंत्राटावर निर्मिती सहायक म्हणून लागले होते. त्याआधी दहा वर्षं खाजगी बातम्यांच्या वाहिन्यांत माइक घेऊन धावले होते. रोज तळेगावच्या घोरावाडी स्टेशनवर लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि दिवसभर भांडायचं, असं ते दिवस होते. कोपऱ्यातल्या बोधचिन्हाचा रंग तीनदा बदलला. हवामानाच्या नकाशात कोणी तरी लोणावळा घाटाखाली टाकला होता, तो पुन्हा वर चढवावा लागला. मला हे सगळं मनापासून आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी होते जिथे कोणी टीआरपी हा शब्द काढत नव्हतं.

पहिल्या दिवशी उद्घाटनाची भाषणं झाली की लगेच अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम दाखवायचा होता. तो अर्धा तास मावळाचा, असं ठरलं. केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "लोणावळा करा. धुकं, धबधबे, चिक्की. बघणाऱ्याला छान वाटेल."

मी तिथल्या तिथे उसळले. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड आणि मग डोकं. म्हटलं, "सर, धुकं बघायला येणारे वेगळे. तिथे राहणाऱ्यांना कपडे वाळत कुठे घालायचे याची चिंता असते. चिक्कीसाठी वाहिनी कशाला काढायची? इथली माणसं दाखवू. खरी."

खरी हा शब्द मी वापरला होता, हे मला पक्कं आठवतं. साहेब स्वभावाने सरळ माणूस. हसले आणि म्हणाले, "बरं. दाखवा खरी माणसं."

योगायोगाने जत्रा पंधरा दिवसांवर होती. मी गाव सुचवलं, काठी सुचवली, आणि मामा टीव्हीवर दिसणार या कल्पनेनेच घरी येताना लोकलमध्ये हसत बसले. आईने तळेगावात भाजीवालीपासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

जत्रेच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. मी, कॅमेरामन, आवाजवाला आणि गाडीचा ड्रायव्हर. मिरवणूक छान मिळाली. मामाचा पाठीमागून घेतलेला एक शॉट तर फारच सुंदर होता. अरुंद बोळ, खांद्यावर काठी, वर मोरपंखी फेटा आणि समोर लांबवर तिकोणा किल्ला. दारात काठी थांबली, आईने पाणी घातलं. कॅमेरा कुठे आहे ते तिने पाहिलंही नाही.

आणि मग मुख्य क्षणी घात झाला. काठी उचलली, "चांगभलं" झालं, मामा वाकला, आणि त्याच वेळी तीस-चाळीस हात मोबाइल घेऊन वर गेले. कॅमेरामन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा होता, तरी त्याला मोबाइलच मोबाइल दिसले. मधल्या फटीतून मामाचे हात तेवढे. मला त्याने मान हलवून नाही म्हणून खुणावलं. मी चारचौघांत त्याला बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा उभी केलेली काठी नऊ दिवस हलवायची नाही, असा गावचा नियम. मला तो ठाऊक होता. तरी मी मामाकडे गेले. तो घराच्या पडवीत उपास सोडायला बसला होता.

"मामा, परत एकदा करावं लागेल."

तो हसला. "बाय, देव काय तुज्या दोरीनं उटतो-बसतो व्हय?"

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळी शस्त्रं काढली. पहिली वाहिनी, पहिला दिवस, पहिला कार्यक्रम, मंत्री येणार, माझी नोकरी. नोकरीचं मी वाढवून सांगितलं. मामा घासाचा हात तसाच ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "मागल्या सालचा कळक देवळाच्या मागं पडलाय. त्याला कापड गुंडाळा अन् काय ते करा. लोकं पंगतीला बसली की. पर म्या हात लावनार न्हाई. माजा उपास ह्या काठीचा हुता, त्या बांबूचा न्हवं."

तिथे कोणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मला फक्त एवढंच ऐकू आलं की काम होतंय. म्हटलं, "मग दुसरं कोणी उभं राहिलं तरी चालेल."

पंगतीत पाणी वाढायला वरच्या आळीची मंडळी आली होती. त्यातला एक जण उंच, गोरटेला, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. कुसगावला एका हॉटेलात मॅनेजर होता. कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहावं हे त्याला न सांगता कळत होतं. मी त्याला आणि त्याच्या आळीतल्या पाच-सहा जणांना देवळामागे नेलं. पहारीने खड्डा घेतला. जुना कळक कापड गुंडाळल्यावर नव्यासारखा दिसायला लागला. तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, सकाळच्या शॉटमध्ये फेटा आहे. हे उघडं डोकं जुळायचं नाही."

बरोबर होतं त्याचं. दोन शॉट जोडायचे तर डोक्यावर तोच फेटा हवा. हे आमच्या कामातलं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान. मी धावत मामाकडे गेले आणि हात पुढे केला. "मामा, फेटा दे."

देतोस का, असं नाही. दे.

मामाने डोक्याला हात लावला. एकदा आत बघितलं, जिथे आई बायकांना वाढत होती. मग त्याने फेटा न सोडता, होता तसा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातात ठेवला. त्याच्या कपाळावर घड्यांचा वळ उठला होता. "नीट ठेव," तो म्हणाला. "आक्कानं आनलाय."

गावात एखाद्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. लहानपणापासून कळत होतं. पण त्या घटकेला तो मला फेटा दिसलाच नाही, जुळवायचा रंग दिसला. आज मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या पुढे केलेल्या हाताची.

तिसऱ्या वेळेला शॉट अप्रतिम झाला. ऊन तिरपं आलेलं, मागे देवळाचं शिखर, फेट्याखाली तो रुबाबदार चेहरा, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं पठ्ठ्याने. मी टाळ्या वाजवल्या. मग गडबडीत सामान आवरलं, गाडीत बसलो. फेटा त्याच्याच डोक्यावर राहिला. कामशेत ओलांडल्यावर मला आठवण झाली, आणि म्हटलं, देईल तो. मला नंतर कळलं की संध्याकाळी तो मामाकडे गेला होता आणि म्हणाला होता, "काका, आठवण म्हणून राहू दे का माझ्याकडं?" मामा व्हय म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रम जोडताना मी मामाच्या पाठीवरून थेट त्या चेहऱ्यावर गेले. सांधा कुठे कळत नव्हता. निवेदन मीच लिहिलं. "पिढ्यान्पिढ्या या काठीला पहिला हात एकाच घराचा." घराचं नाव मुद्दाम घातलं नाही. सरकारी वाहिनी आहे, नाव घेतलं की कोणी तरी वाद काढणार, असा माझा हुशार विचार. नाव घेतलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

उद्घाटनाच्या दिवशी स्टुडिओत झेंडूच्या माळा, समई, नव्या रंगाचा वास. मंत्र्यांनी कळ दाबली, पडद्यावर बोधचिन्ह फिरत आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात शेवटी थांबले ती मी. मग माझा अर्धा तास. काठी उभी राहिली तेव्हा साहेबांनी मागून माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "याला म्हणतात अस्सल." मी त्या शब्दावर दोन दिवस जगले.

मी मामाला फोन लावला. घरात माणसांचा गलका ऐकू येत होता. आळीतले सगळे तिथे बघायला जमले होते.

"बगितलं," मामा म्हणाला. "ब्येस झालंय. फेट्याचा रंग चांगला उटला."

आईही तिथेच होती. तिने फोन घेतला. ती नेहमी बोलते त्यापेक्षा हळू बोलली. "तुझ्या मामाचं तोंड कुठं होतं गं?"

"आई, टीव्हीत असंच असतं. ती एक पद्धत आहे."

"असेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी देवळात गावकीची बैठक बसली. आई माहेरी गेलेलीच होती, बाहेर पायरीवर बसून ऐकत होती. तिच्याकडूनच मला सगळं कळलं. वरच्या आळीच्या एका वयस्कर माणसाने विषय काढला. काठीचा मान मुळात त्यांचा. त्यांचा पणजोबा गिरणीत कामाला मुंबईला गेला तेव्हा मान सांभाळायला म्हणून मामाच्या घराकडे दिला, तो परत कोणी दिलाच नाही. ही कुरकुर जुनीच होती. लग्नाकार्यात चहाबरोबर निघायची आणि चहाबरोबर संपायची. पण या वेळी त्यांच्याकडे मोबाइल होता. त्यात आमच्या वाहिनीच्या पानावरचा माझा कार्यक्रम होता, कोपऱ्यात बोधचिन्हासकट. त्यांच्या माणसाचा चेहरा, वर मानाचा फेटा, आणि माझं वाक्य. पिढ्यान्पिढ्या एकाच घराचा.

"म्हातारं म्हणालं," आईने सांगितलं, "सरकारी टीव्ही खोटं कशाला दाखवंल?"

जुन्या लोकांना आठवत होतं की काठी मामानेच बसवली. पण बहुतेक गाव आता पिंपरी-चिंचवडला कामाला. जत्रेला अर्धा दिवस येणारे, त्यातही मोबाइलमधून बघणारे. देवळामागे काय झालं ते ठाऊक होतं त्या पाच-सहा जणांना, ते सगळे वरच्या आळीचे, आणि मामाला. मामा बोलू शकत नव्हता. बोलला असता तर जत्रेच्या दिवशी नकली काठी उभी केली, देवाची थट्टा केली, हे बाहेर आलं असतं, आणि त्यात भाचीचं नाव. तो खाली मान घालून बसला. तो पांढऱ्या शर्टवालाही गप्प बसला म्हणे. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण त्याच्याइतकंच खरं मला ठाऊक होतं आणि मीही गप्पच बसणार होते.

सरपंच शहाणा माणूस. त्याने मामाला सांगितलं, "आबा, वाहिनीकडनं दोन ओळी आना. शॉट नंतर घेतलाय, मान्साचा मानाशी संबंद न्हाई, एवढंच लिवून आना. आट दिवस थांबतो आमी." मामा बरं म्हणाला. मला त्याने फोन केला नाही. आईने केला.

"लिहून दे बाई," ती म्हणाली. "दोन ओळी तर आहेत."

मी कार्यालयात होते. संगणकावर पान उघडलं, दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग वाचल्या आणि पुसून टाकल्या. त्या महिन्यात माझं कंत्राट संपत होतं आणि नवं यायचं होतं. तो कार्यक्रम वर्षातला चांगला कार्यक्रम म्हणून वर पाठवला होता. आता मीच कागदावर लिहून द्यायचं की त्यातला मुख्य प्रसंग मी मांडून घेतला होता? हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी स्वतःला म्हटलं. आणखीही एक गोष्ट माझ्याकडे होती. मोबाइलांनी भरलेला, टाकून दिलेला तो मूळ शॉट. त्यात मामाचे हात दिसत होते. तो पाठवला असता तरी पुरलं असतं. तो माझ्या ड्रॉवरमधल्या हार्डडिस्कवर होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ.

आठव्या दिवशी आईचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, "विचारलं गं. साहेब नाही म्हणतात. सरकारी काम आहे, असं लेखी देता येत नाही."

साहेब शेजारच्या खोलीत चहा पीत होते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

गावकीने मधला मार्ग काढला. एक वर्ष वरच्या आळीचं, एक वर्ष मामाचं. पहिलं वर्ष अर्थात त्यांचं. मामा म्हणाला म्हणे, "द्येवाचीच काठी हाय, कुनीबी धरा." आई म्हणाली, हे तो इतक्या पटकन म्हणाला की सगळ्यांना बरं वाटलं.

त्या जत्रेला मी रजा काढून गेले. कशाला गेले, मला सांगता येणार नाही. मामाने त्या वर्षीही पाच दिवस उपास केला होता. मामी म्हणाली, "आता काय गरज?" तर तो म्हणाला, सवय हाय. सकाळी वाजंत्री ऐकू आली तशी आई तांब्या भरून दारात जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आई, या वर्षी इथे थांबणार नाही काठी." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला." आणि उभीच राहिली.

काठी बोळातून आली. पुढे तोच उंच माणूस, डोक्यावर तोच मोरपंखी फेटा. टीव्हीवरचा फेटा म्हणून हौसेने बांधलेला. दारासमोर आल्यावर त्याची पावलं जराशी घोटाळली. मला वाटलं थांबतो. पण मागून रेटा आला आणि काठी पुढे गेली. मामा उंबऱ्याच्या आत, पांढरी टोपी घालून, हात जोडून उभा होता. आई तांब्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने ते पाणी, काठी जिथे दर वर्षी टेकायची तिथल्या मातीवर ओतलं. मला तिने रागावावं असं फार वाटत होतं.

दुपारी मामा मागच्या अंगणात खाटेवर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि मोबाइलवर आणलेला तो मूळ शॉट त्याला दाखवला. गर्दी, मोबाइल, आणि मधल्या फटीत त्याचे हात, नखांत गुलाल भरलेले, कळक धरलेले. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"माजंच हाइत," तो म्हणाला.

"मामा, मी पुन्हा विचारते साहेबांना. मागच्या वेळी ते नाही म्हणाले, पण..."

त्याने मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. "तू इचारलंच नव्हतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर सोसलं असतं. "म्या तवाच वळाकलं. ल्हानपनी कैऱ्या पाडल्या तरी तू असंच करायचीस. खोटं बोलायचं झालं की आदी दुसऱ्याचं नाव घेतीस."

मी मोबाइल उपडा करून ठेवला. म्हटलं, "मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? फेटा म्याच दिला हुता की." मग त्याने विचारलं, "नोकरी हाय ना पर?"

नोकरी होती. नवं कंत्राट आलं होतं.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. नकली काठी, फेटा, निवेदन, सगळं. मी नोकरी जाईल या तयारीने गेले होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "एवढंच ना? आधी सांगायचं होतं. नाटकात काय, सिनेमात काय, शॉट परत घेतातच. गावाचा मान जाण्यापेक्षा आपण दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या." त्यांनी तिथेच पत्र करवून घेतलं, सही केली, गोल शिक्का मारला. पाच मिनिटंही लागली नाहीत. ते पत्र हातात घेऊन मी जिन्यात बसले आणि रडले. येणारे-जाणारे विचारत होते, कंत्राट गेलं का?

पत्र गावात नेऊन दिलं. बैठकीत ते वाचलं गेलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सरपंचाने घडी घातली आणि म्हणाला, ताई, आता वाटनी झाली, दोन्ही घरं राजी हाइत, परत कशाला उकरायचं? बैल गेला अन् झोपा केला, अशी माझी गत. पत्र मामाच्या देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवलेलं आहे. त्याने ते कधी कोणाला दाखवल्याचं मला माहीत नाही.

वाहिनी चांगली चालली आहे. दर चैत्रात माझा तो अर्धा तास पुन्हा दाखवतात. मी दोनदा लिहून दिलं की तो काढा, दोन्ही वेळा उत्तर आलं की लोकांना आवडतो.

यंदा मामाची पाळी होती. आईने नवीन मोरपंखी कापड नेलं होतं. मामाने ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "आक्का, ऱ्हाऊ दे. टोपी बरी." आईने आग्रह केला नाही. काठी दारात थांबली, आईने पाणी घातलं, ओवाळलं, सगळं पूर्वीसारखं झालं. मी मोबाइल घरातच ठेवून देवळापाशी गेले.

दोर ताणले, काठी उठली, चांगभलं झालं. मामाने वाकून बुड धरलं. आणि खळग्यात बसवण्याआधी त्याने मान वर केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वरच्या आळीची माणसं कुठे उभी आहेत, कोण बघतंय, कोणाच्या हातात मोबाइल आहे, ते सगळं त्याने बघून घेतलं. माझ्याकडेही बघितलं. मग काठी बसवली.

इतकी वर्षं तो तेव्हा कुणाकडेच बघत नसे.